धगाऱ्यांचं कलम चौदा

मसुदेकाकांचा सैतानांशी तोवर कधी संबंधच आला नव्हता, असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. त्यांची बत्तीस वर्षं नोकरी झाली होती आणि तेवढ्यात अकरा साहेब येऊन गेले होते. पण शिंगं, शेपूट अशा सगळ्या लवाजम्यानिशी सैतान घरात शिरले ते त्यांच्या मुलीमुळे, आणि तेही एका मंगळवारी सकाळी, काका दाढी करत असताना.

'मसुदे' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शहराच्या मुख्य कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक पत्राचा, नोटिशीचा, परिपत्रकाचा मसुदा तेच लिहीत, म्हणून ते मसुदेकाका. बत्तीस वर्षांत त्यांचा एकही मसुदा दुरुस्तीसाठी परत आला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कुणाला सांगत नसत. समोरच्याने विचारलं नाही तर मात्र सांगत.

"बाबा," ठकी दारात उभी राहून म्हणाली, "तू ऑफिसात लोकांनी कसं वागायचं त्याचे नियम लिहितोस ना?"

"लिहितो."

"पाळतं का कुणी?"

"तो विभाग वेगळा."

"मग माझ्या सैतानांचे लिहून दे ना. भटके आहेत ते. एक पान पुरे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी हवंय."

काकांनी गाल कापून घेतला. हात चुकला म्हणून नव्हे, आनंदाने. सतरा वर्षांच्या मुलीशी त्यांचं गेल्या दोन वर्षांतलं एकूण संभाषण असं होतं: "जेवलीस?" "हो." "माझा चार्जर पाहिलास?" "तुझ्याच हातात आहे." लहानपणी हीच ठकी त्यांच्या खांद्यावर बसून कानात दिवसभर बडबडायची. मग कधीतरी तिने खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली आणि काकांना दारावर टकटक करायचं निमित्तच सापडेना. आता तीन आठवड्यांनी ती शिकायला दुसऱ्या गावी, वसतिगृहात निघाली होती. जायच्या आत लेकीशी एकदा नीट बोलणं व्हावं, एवढीच काकांची इच्छा होती. आणि तिने होऊन काहीतरी मागितलं होतं!

खेळ काय होता तो काकांना अर्धामुर्धाच कळला होता. दर रविवारी दुपारी ठकी आणि तिच्या तीन मैत्रिणी जेवणाच्या टेबलाभोवती बसत. एक लढवय्यी होई, एक चोर, एक वैदू. बाकी सगळं जग ठकी चालवी. वाटेत राजा भेटो की राक्षस, त्याच्या वतीने बोलणार ठकी. मध्ये वीस बाजूंचा एक फासा. खुर्चीवरून कुणी उठत नसे, तरी संध्याकाळपर्यंत दोघीतिघी मरता मरता वाचत. येता रविवार सोडून पुढचा रविवार हा शेवटचा खेळ होता, कारण मग चौघी चार दिशांना जाणार होत्या. शेवटच्या खेळात मैत्रिणींना एक ओसाड मुलूख ओलांडायचा होता आणि त्या मुलखात हे भटके सैतान राहत होते. त्यांचं नाव धगारी. अंगातून धग येते म्हणून धगारी. ठकीने त्यांच्या लढाया तयार ठेवल्या होत्या. वसतिगृहाचे फॉर्म भरण्याच्या नादात त्यांचं राहणीमान तेवढं राहून गेलं होतं.

आता एक पान म्हणजे एक पान. शहाण्या माणसाने ते लिहून द्यावं आणि मोकळं व्हावं. पण काकांनी ते काम हातात घेतलं, आणि काकांनी काम हातात घेतलं की त्याला आधी पोटकलमं फुटत.

"धगारी जन्मतः दुष्ट की परिस्थितीने?" त्यांनी संध्याकाळी शेजारच्या मास्तरांना विचारलं. मास्तर निवृत्त होते, म्हणजे त्यांना शिकवायला आता जास्त वेळ होता.

"अहो, दुष्टाला दुष्टच ठेवा," मास्तर म्हणाले. "उगीच सुधारू नका. वर्गात एकदा का बदमाश पोराची कीव आली की मास्तर संपला."

"पण शिंगं असलेला माणूस बिचारा दारातून आत कसा शिरत असेल?"

"झालं! तुम्ही संपलात," मास्तर म्हणाले.

ठकीच्या आईला वेगळीच काळजी. "चाळीस दिवसांनी मुक्काम हलवतात म्हणता. मग भांडीकुंडी कोण बांधतं? आणि पुरुष तेव्हा काय करत असतात?"

"ते... दिशा बघतात."

"वाटलंच. सैतान झाले म्हणून काय झालं!"

म्हणून कलम सहा आलं: भांडी पुरुषांनी बांधावीत. कलम सात: बांधताना 'हे कुठे ठेवू' असं विचारू नये. ही दोन्ही कलमं ठकीच्या आईने स्वतः तोंडी सांगितली आणि काकांनी खाली मान घालून लिहून घेतली.

गुरुवारी काकांनी पहिला खर्डा ठकीपुढे ठेवला. ठकी पेन्सिल घेऊन बसली. काका समोर, मांडीवर हात ठेवून. साहेबांपुढेसुद्धा ते असे बसले नव्हते.

"बाबा, हे सैतान आहेत!"

"हो."

"तुझे सैतान रांगेत उभे राहतात."

"पाणवठा एकच आहे ना. गर्दी होणार."

"आणि हे काय, 'शेपटीचा धक्का लागल्यास दिलगिरी व्यक्त करावी'?"

"बरोबर चालणारी माणसं आहेत गं ती. भांडून कसं चालेल?"

ठकी हसली. आवाज करून हसली. काकांनी ती तारीख मनात नोंदवून ठेवली. तिने सटासट रेघा मारल्या. बावीस कलमांतली बारा गेली. दुसरा कुणी असता तर काकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली असती. पण ठकी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली होती आणि तासभर उठली नव्हती. तेवढ्यासाठी बावीसची बावीस गेली असती तरी चाललं असतं.

फक्त एका कलमापाशी तिची पेन्सिल थांबली. कलम चौदा. आदल्या दिवशी वसतिगृहात जागा मिळाल्याचं पत्र आलं, त्या दुपारी काकांनी ते लिहिलं होतं. ते असं होतं:

'जमातीतील कोणी तरुण वा तरुणी तळ सोडून जात असेल, तर तिला "जा" म्हणू नये. जाणारीने जोडीतील एक वस्तू मुद्दाम तळावर विसरावी व दुसरी सोबत न्यावी. एका वस्तूने दोघांचेही भागत नसल्याने तिला परत येणे भाग पडते.'

ठकीने ते दोनदा वाचलं. खोडलं नाही. "बाकीचं नीट लिहून आण," एवढंच म्हणाली आणि आत गेली. दार मात्र तिने लोटलंच नाही.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. घोड्याने पेंड खाल्ली ती पेपरवेटपाशी.

काकांच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात एक हिरवं काचेचं पेपरवेट असे. त्याच्याखाली चार वाजता जो कागद असेल तो पक्का मसुदा, आणि तो न विचारता पुढे न्यायचा, हा नियम खुद्द काकांनीच अठरा वर्षांपूर्वी घालून दिला होता. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी धगाऱ्यांचं पान, उरलेल्या कलमांचे मूळ क्रमांक तसेच ठेवून, स्वच्छ लिहून काढलं. त्यांना एकाच पद्धतीने लिहिता येई. वर 'विषय : धगारी जमातीच्या मुक्कामाबाबत'. मग 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की'. शेवटी सवयीने, हातच वळलेला, 'आपल्या कार्यक्षेत्रातील माहिती तात्काळ सादर करावी.' पंख्याने कागद उडायला लागला. काकांनी त्यावर पेपरवेट ठेवलं आणि ते चहाला गेले.

चार वाजता जावकबाई आल्या. शहरातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जाई आणि काकांच्या नियमांवर त्यांची काकांपेक्षा जास्त श्रद्धा होती. त्यांनी कागद उचलला, टंकून घेतला, साहेबांपुढे धरला. साहेबांनी 'मसुदेकाकांचा आहे ना?' असं विचारून न वाचता सही केली. बाईंनी जावक क्रमांक घातला आणि बाराही विभाग कार्यालयांना प्रती रवाना केल्या. चहा पिऊन आलेल्या काकांना वाटलं, कागद आपणच पिशवीत टाकला. घरी पिशवीत तो सापडेना, तेव्हा त्यांनी पाठ असलेलं सगळं पुन्हा लिहून काढलं आणि विषय संपला.

संपला कसला! बुधवारपासून उत्तरं यायला लागली.

'आमच्याकडे असलं काही नाही' याला कार्यालयात एकच शब्द आहे: निरंक. दहा विभागांनी काहीही न विचारता 'निरंक' कळवलं. धगारी कोण, शिंगं कसली, एकानेही विचारलं नाही. अकराव्या विभागाने विचारलं, की शेपटीची लांबी गोंड्यासह कळवावी की गोंडा वगळून? आणि बाराव्या विभागाने लिहिलं: 'सतरा कुटुंबे आढळली. पुढील कार्यवाही चालू आहे.'

साहेबांनी काकांना आत बोलावलं. टेबलावर ते परिपत्रक होतं, खाली साहेबांची झोकदार सही.

"मसुदेकाका, हे काय आहे?"

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. बत्तीस वर्षं! त्यांनी खरं ते सगळं सांगितलं. मुलगी, खेळ, फासा, पंखा. साहेब बराच वेळ सहीकडे बघत राहिले. ती रद्द करायची तर आपण न वाचता सही करतो हे वर कळवावं लागणार होतं.

"काका," साहेब हळू आवाजात म्हणाले, "चूक झाली असं पत्र नाही काढता येणार. पण हे भटकेच आहेत ना?"

"हो साहेब."

"मग गेले असतील पुढे. तुम्ही रविवारी बाराव्या विभागात जा, पाहणी करा, आणि सोमवारी लिहा: सदर जमात कार्यक्षेत्राबाहेर गेली. प्रकरण बंद."

"रविवारी?" काकांचा चेहरा पडला. "रविवारी तीन वाजता माझ्याकडे... ठकीने मला खेळात घेतलंय साहेब. त्यांचा म्हातारा मुखिया व्हायचंय मला."

"तीनच्या आत याल हो," साहेब म्हणाले. स्वतः कधी पाहणीला न गेलेला माणूस असंच म्हणतो.

घरी सांगितलं तेव्हा ठकी एवढंच म्हणाली, "ठीक आहे." हे 'ठीक आहे' काकांना चांगलं ओळखीचं होतं. गेली दोन वर्षं त्यांनी दाराबाहेरून तेच ऐकलं होतं.

बाराव्या विभागाचा अधिकारी शहराच्या टोकाला फाटकापाशीच वाट बघत उभा होता. नव्याने नेमलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात भलीमोठी वही. त्याने काकांना आधी चहा दिला, मग नकाशा दाखवला, मग पुन्हा चहा दिला. साडेबारा वाजले. काका चुळबुळायला लागले.

"सतरा कुटुंबं कुठे आहेत?"

"गेली साहेब. पण खुणा आहेत. चला."

मोकळं मैदान होतं. वाळलेलं गवत, गोलपोस्टचा एकच खांब, कडेला तुटलेला बाक. अधिकारी वाकला आणि त्याने गवतातून काठीने एक चप्पल उचलून दाखवली.

"एकच," तो हळूच म्हणाला. "कलम चौदा."

काकांनी चप्पल उलटीसुलटी करून पाहिली.

"असं दुसऱ्या मैदानातही सापडलं. नाल्याजवळ बूट सापडला, एकच. शाळेमागे लहान मुलाची सँडल, एकच. सगळा विभाग पायी फिरलो साहेब. सतरा नग. म्हणजे सतराजण तळ सोडून गेले. प्रत्येक घरातून निदान एक धरला."

आता कुठल्याही गावातल्या कुठल्याही मोकळ्या जागेत एक एकटी चप्पल पडलेली असतेच. ती कुणाची, दुसरी कुठे गेली, आणि तो माणूस घरी कसा गेला, याचा छडा आजवर कुणालाही लागलेला नाही. पण हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

"तुम्ही सरळ निरंक का नाही लिहिलंत?" काकांनी विचारलं.

अधिकारी ओशाळला. "सगळे तेच लिहितात साहेब. मला वाटलं, कुणीतरी इतकं मनापासून लिहिलंय, तर आपण निदान बघून तरी यावं." मग तो जरा घुटमळला. "ते कलम चौदा मी आईला फोनवर वाचून दाखवलं. माझी आई गावाकडे एकटीच असते. ती म्हणाली, तू निघालास तेव्हा सगळंच्या सगळं नेलंस की रे, मेल्या."

बत्तीस वर्षांत आपलं पत्र कुणी कुणाला वाचून दाखवल्याचं काकांनी ऐकलं नव्हतं. मग मात्र त्यांनी घाई केली नाही. सतराही ठिकाणं नीट पाहिली, वहीत टिपून घेतली, आणि त्या तरुण अधिकाऱ्याच्या पाहणीखाली 'काम समाधानकारक' असा शेरा मारला.

घरी पोचायला साडेपाच वाजले. चपला धुळीने माखलेल्या, शर्ट पाठीला चिकटलेला. खेळ संपला असणार, असं धरूनच काका दबकत आत आले. चौघी टेबलाभोवती होत्या. फासा मध्ये. आणि ठकीच्या शेजारची खुर्ची रिकामी.

"आला," ठकी मैत्रिणींना म्हणाली. "तुम्ही दोन तास तळाबाहेर उभ्या होतात ना? धगाऱ्यांचा मुखिया मुक्कामाची जागा बघायला गेला होता. तो आत्ता परत आलाय. बघा, पायाला धूळ आहे."

"दोन तास फक्त वाट बघतोय आम्ही, काका!" लढवय्यी म्हणाली. "ही पुढे जाऊच देत नाही."

काका बसले. आधी अवघडले, मग रंगले. त्यांनी लढवय्यीकडे मुलूख ओलांडण्याचं कारण लेखी मागितलं. चोराला विचारलं, की व्यवसायाच्या रकान्यात हेच लिहायचं का? वैदूला रांगेत उभं केलं. पोरी हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. शेवटी तिघींना वाट मिळाली, आणि ठकीने सांगितलं, की धगाऱ्यांची एक पोरगीही त्यांच्याबरोबर निघाली आहे, बाहेरचं जग बघायला. मुखियाने तिला निरोप द्यायचा आहे.

सगळ्या काकांकडे बघायला लागल्या. काकांनी तोंड उघडलं. त्यांना कलम पाठ होतं, त्यांनीच लिहिलं होतं, पण एक अक्षर बाहेर पडेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"म्हातारा काही बोलत नाही," ठकी म्हणाली. "धगाऱ्यांत तसंच असतं. पोरीला कळतं."

सोमवारी काकांनी लिहिलं, 'सदर जमात कार्यक्षेत्राबाहेर गेली आहे', आणि प्रकरण बंद झालं. जावकबाईंनी तेवढं विचारलं, "परत आले तर कुठल्या फायलीत घालू?" काका म्हणाले, "फाईल उघडीच ठेवा."

मग ठकीचा जायचा दिवस आला. काकांनी सामानाची यादी केली होती: एकेचाळीस बाबी, प्रत्येकीपुढे चौकट. बॅगा बांधताना त्यांनी दोनदा "हे कुठे ठेवू?" विचारलं आणि ठकीच्या आईने दोनदा कलम सातची आठवण करून दिली. एकेचाळीस खुणा झाल्या. खाली 'राहिलेल्या वस्तू' असा रकाना होता. त्यापुढे काकांनी 'निरंक' लिहून सही केली आणि ठकीला गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा ते "जा" म्हणाले नाहीत. "जेवत जा" म्हणाले. ठकी म्हणाली, "हो."

संध्याकाळी दोघं घरी आली. ठकीच्या आईने दिवे लावले. खोलीचं दार उघडंच होतं, तरी काकांनी सवयीने टकटक केलं आणि मग आत पाहिलं. रिकाम्या फरशीच्या अगदी मधोमध तिची निळी चप्पल होती. डाव्या पायाची.

"अगं!" काका ओरडले. "बाब क्रमांक एकोणतीस! मी स्वतः खूण केली होती! जोडी भरली होती मी! असं कसं झालं?" बत्तीस वर्षांच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "ठके, तुझी एक चप्पल इथेच राहिली! आता काय घालशील तिथे?"

"राहिली नाही, बाबा." गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. "तू लिहितोस, आणि तूच विसरतोस?"

काकांनी फोन तसाच कानाला धरून ठेवला. पलीकडून ठकीनेही फोन ठेवला नाही. मग ती आपणहूनच सांगायला लागली: गाडीत शेजारी कोण बसलंय, खिडकी कशी अडकलीये, आपण कुठल्या बाजूने बसलोय. लहानपणी खांद्यावर बसून बडबडायची, तशी.

फोन संपल्यावर काकांनी खिशातून यादी काढली. चष्मा पुसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा पक्का मसुदा दुरुस्तीसाठी परत आला होता. त्यांनी 'निरंक' हा शब्द एका रेघेने खोडला आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'एक. परत येणे भाग आहे.' मग ती यादी त्यांनी चपलेखाली ठेवली, पंख्याने उडू नये म्हणून.